डोळे तपासण्याची नवी साधने : यंत्राची परीक्षा कशी घ्यावी?

दृष्टी तपासण्याचा तक्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हॉलंडमधील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी तो १८६२ साली प्रसिद्ध केला. त्याआधी अकरा वर्षे, म्हणजे १८५१ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्यातील पडदा पाहता येईल असे उपकरण जगापुढे मांडले होते. डोळ्याला किती दिसते हे तक्ता मोजतो आणि डोळ्याच्या आत काय आहे हे हेल्महोल्ट्झचे उपकरण दाखवते. पुढची शंभराहून अधिक वर्षे नेत्रतपासणीचा मोठा भाग या दोन शोधांवरच उभा राहिला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या जोडीला बरीच नवी साधने आली आहेत. मोबाइल फोनला जोडायचे भिंग, अवरक्त किरणांचा कॅमेरा, डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून निदान सांगणारा संगणक ही त्यांतली ठळक नावे. त्यांच्याविषयीच्या बातम्यांचा सूर ठरलेला असतो. तपासणी काही सेकंदांत, अचूकता नव्वद-पंचाण्णव टक्के आणि डॉक्टर नसला तरी चालेल. ही साधने खरोखरच कल्पक आहेत. तथापि त्यांची बातमी वाचणे आणि त्यांची परीक्षा घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी तीन साधने घेऊन अशी परीक्षा कशी घेता येईल ते पाहू.

परीक्षेसाठी आपण वाशिम जिल्हा डोळ्यांपुढे ठेवू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि दर दहांतील आठजण खेड्यांत राहणारे. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत वाशिमचा समावेश झाला. नवी साधने दूरच्या, डॉक्टर कमी असलेल्या भागासाठीच आहेत असे सांगितले जाते. मग त्यांचा कस महानगरातल्या रुग्णालयात न लावता मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील एखाद्या शाळेत लावणे योग्य ठरेल.

जुना तक्ता नेमके काय मोजतो?

नव्याची परीक्षा घेण्यापूर्वी जुन्याची ओळख पक्की असावी. तक्त्यामागचे तत्त्व साध्या भूमितीचे आहे. एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाला एक मिनिट म्हणतात. निरोगी डोळा साधारणपणे एक मिनिटाचा कोन करणारे दोन बिंदू वेगळे ओळखतो. म्हणून तक्त्यातील अक्षराची प्रत्येक रेघ डोळ्याशी एक मिनिटाचा आणि संपूर्ण अक्षर पाच मिनिटांचा कोन करील अशी रचना केलेली असते. सहा मीटर अंतरासाठी हिशेब केला तर ६/६ च्या ओळीतील अक्षराची उंची जवळजवळ ८.७ मिलिमीटर येते आणि ६/९ च्या ओळीतील अक्षराची १३ मिलिमीटर. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. इंग्रजी ई हे अक्षर चार दिशांना वळवून काढले की अक्षरओळख नसलेल्या मुलालाही त्याची तोंडे कुठे आहेत ते हाताने दाखवता येते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आपल्या देशात १९७६ साली सुरू झाला. त्यातील शालेय तपासणीत पहिली चाळणी शिक्षकाने करायची असते. सहा मीटरवरून ६/९ ची ओळ एका जरी डोळ्याला ओळखता आली नाही तर त्या मुलाला पुढे नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे पाठवायचे. चाळणी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चाळणीने निदान होत नाही. कोणाचे निदान करायला हवे एवढेच ती सांगते.

तक्त्याचा मोठा गुण असा की तो थेट दृष्टीच मोजतो. अक्षरापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर बुबुळ, भिंग, पडदा, मज्जातंतू यांपैकी कोठेही अडथळा असेल तर त्याचा परिणाम बहुधा वाचनावर दिसतोच. त्याचे दोषही उघड आहेत. मुले ओळ पाठ करतात, डोळ्यावर ठेवलेल्या बोटांच्या फटीतून पाहतात, आणि अनेक वर्गखोल्यांत सहा मीटरचे मोकळे अंतरच मिळत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे तीन वर्षांच्या बालकाकडून तक्ता नीट वाचून घेणे फार अवघड असते.

कॅमेऱ्याने काढलेला नंबर

या शेवटच्या अडचणीवर फोटोच्या पद्धतीने उपाय शोधला. रात्री बॅटरीच्या झोतात मांजराचे डोळे चमकतात, कारण डोळ्यात गेलेला प्रकाश आतून परत येतो. माणसाच्या डोळ्यातूनही थोडा प्रकाश परत येतो. दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जरा बाजूला ठेवला आणि डोळ्याला नंबर असला, तर बाहुलीत चंद्रकोरीसारखा उजळ भाग दिसतो. नंबर जसा वाढेल तशी कोर रुंद होते. हॉवर्ड आणि ब्रॅडफर्ड हॉवलँड यांनी १९७४ साली या पद्धतीचा पाया घातला. आजचे हातात धरायचे कॅमेरे न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. सुमारे एक मीटरवरून, दोन्ही डोळ्यांचे मापन काही सेकंदांत होते. मुलाने फक्त कॅमेऱ्याकडे पाहायचे.

आता परीक्षकाचा पहिला प्रश्न : हे यंत्र काय मोजते? ते डोळ्याच्या प्रकाशीय रचनेतील दोष मोजते, दृष्टी मोजत नाही. प्रकाशीय रचना निर्दोष पण पडद्याचा किंवा मज्जातंतूचा विकार असलेले मूल या चाळणीतून सहज निसटू शकते. दुसरी त्रुटी दूरदृष्टितेची. लहान मुलांच्या नेत्रभिंगाची समायोजनशक्ती जबरदस्त असते. भिंग फुगवून मूल आपला अधिक नंबर झाकून टाकते, आणि यंत्राला तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणूनच नेत्रवैद्य बाहुली मोठी करणारे औषध घालून तपासतात. या औषधाने समायोजनही काही काळ थांबते.

मग हा कॅमेरा निरुपयोगी का? मुळीच नाही, फक्त त्याची जागा वेगळी आहे. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असला किंवा डोळा तिरळा असला की मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असा उपचार सुरू झाला तर सुधारणेची शक्यता चांगली असते. पुढे ती कमी होत जाते. पाचवीत तक्त्यावर आळशी डोळा सापडला तर सोन्यासारखी वर्षे निघून गेलेली असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली सुरू झाला, आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे असते. हा कॅमेरा त्या पथकाबरोबर अंगणवाडीत गेला तर त्याचे चीज होईल. तोच कॅमेरा माध्यमिक शाळेत वापरला, तर जे काम १३ मिलिमीटरचे ई अक्षर करू शकते तेच काम महागात होईल.

नाशिकच्या संशोधकाची युक्ती

दुसऱ्या साधनाचा आपल्या राज्याशी जवळचा संबंध आहे. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आपल्या सहकाऱ्यांसह 'नेत्रा' हे साधन २०१० साली मांडले. फोनच्या पडद्यावर एक लहानसे जोडसाधन बसवायचे आणि त्यातून पाहायचे. दोन रंगीत रेघा दिसतात. बटणे दाबून त्या एकमेकींवर आणायच्या. त्यासाठी रेघ किती सरकवावी लागली यावरून चष्म्याचा नंबर निघतो.

यामागचे तत्त्व चारशे वर्षे जुने असून वर्गात करून पाहण्यासारखे आहे. क्रिस्टोफ शायनर याने १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते वर्णिले आहे. एका जाड कागदाला टाचणीने सुमारे दोन मिलिमीटर अंतरावर शेजारी-शेजारी दोन छिद्रे पाडा. टाचणी आता बाजूला ठेवून, छिद्रांचा कागद एका डोळ्याजवळ धरा व दूरच्या बारीक दिव्याकडे पाहा. प्रतिमा पडद्यावर नेमकी पडत असेल तर एकच दिवा दिसेल. निकटदृष्टिता असलेल्या विद्यार्थ्याने चष्मा काढून पाहिले तर दोन छिद्रांतून आलेले किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येऊन पुन्हा फाकतात, आणि त्याला दोन दिवे दिसतात. त्याने उजवे छिद्र झाकले तर उजवा दिवा नाहीसा होईल. निरोगी डोळ्याच्या विद्यार्थ्यालाही गंमत अनुभवता येते. वीतभर अंतरावर पेन्सिल उभी धरून, तिच्या पलीकडे दूर पाहिले की पेन्सिल दुहेरी दिसते. सूर्याकडे मात्र अशा छिद्रांतून चुकूनही पाहू नये.

'नेत्रा'ची कल्पना देखणी आहे, कारण महागड्या यंत्रातील नाजूक भागांचे काम तिने फोनच्या पडद्याकडून करून घेतले. तिची मर्यादा मात्र तिच्या तत्त्वातच आहे. रेघा जुळल्या की नाही हे पाहणाऱ्यानेच सांगायचे असते. मोठ्या माणसाला हे जमते. दुसरीतल्या मुलाला 'जुळल्या का' असे विचारले तर गुरुजींना आवडेल तेच उत्तर मिळण्याची शक्यता फार. शिवाय समायोजनाचा प्रश्न येथेही उरतोच. आणि नंबर निघाला म्हणजे डोळा निरोगी ठरला असेही नाही. तेव्हा चष्म्याचा नंबर ठरवायला मदत करणारे साधन म्हणून त्याला चांगले गुण द्यावेत, नेत्रविकार शोधणारे साधन म्हणून नव्हे.

शंभर टक्के म्हणजे किती?

तिसरे साधन सर्वांत गाजलेले. मधुमेह बराच काळ राहिला की डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, त्यांतून रक्त व द्रव झिरपतो आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून प्रत्येक मधुमेही व्यक्तीच्या पडद्याची नियमित तपासणी हवी, पण तेवढे तज्ज्ञ नाहीत. हे काम संगणकाला शिकवता येईल हे २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवले. त्यासाठी सव्वा लाखाहून अधिक फोटो वापरले गेले होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरच्या मदतीशिवाय निर्णय देणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला परवानगी दिली.

आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झालेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचाऱ्याने फोनवरच्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो घेतले आणि इंटरनेटशिवाय, फोनमध्येच, संगणकीय प्रणालीने निर्णय दिला. सुमारे दोनशे मधुमेही व्यक्ती तपासल्या गेल्या. तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका विकार असलेल्यांपैकी १०० टक्के प्रणालीने ओळखले. तसा विकार नसलेल्यांपैकी ८८.४ टक्क्यांना 'विकार नाही' असे तिने बरोबर सांगितले. पहिल्या मापाला संवेदनशीलता आणि दुसऱ्याला विशिष्टता म्हणतात.

वाशिमसारख्या जिल्ह्यासाठी हे साधन आश्वासक आहे यात शंका नाही. पण १०० टक्के हा आकडा किती जणांवर उभा आहे? या गटात तसा विकार असलेल्या व्यक्ती १५ च होत्या. पंधरापैकी पंधरा ओळखले म्हणजे शंभर टक्के. आता विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. ज्या यंत्राची खरी क्षमता ८५ टक्केच आहे तेही शंभरातून सुमारे ९ वेळा पंधरापैकी पंधरा आणू शकते, कारण ०.८५ चा पंधरावा घात ०.०८७ येतो. म्हणूनच संशोधकांनी खरी संवेदनशीलता ७८ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान असू शकते, असा पल्ला निबंधात दिला आहे. त्यांनी काही लपवलेले नाही. पल्ला गाळून एकच आकडा उचलला जातो तो नंतर, बातमीत आणि जाहिरातीत.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा. समजा, १००० मधुमेही व्यक्ती तपासल्या आणि त्यांतील ७० जणांना असा विकार आहे. संवेदनशीलता १०० टक्केच धरू. ७० जण सापडले. उरलेल्या ९३० पैकी ११.६ टक्के, म्हणजे सुमारे १०८ जणांना यंत्राने विनाकारण इशारा दिला. एकूण १७८ इशाऱ्यांपैकी खरे ७०, म्हणजे सुमारे ३९ टक्के. आता हेच यंत्र अशा गटावर लावा, जेथे १००० पैकी फक्त १० जणांना विकार आहे. खरे इशारे १० आणि खोटे सुमारे ११५. म्हणजे बाराजणांना बोलावले तर एकाला विकार निघणार. यंत्र तेच, अचूकताही तीच, पण इशाऱ्याचा अर्थ बदलला. यंत्राची टक्केवारी ते कोणावर वापरले यापासून तोडून वाचता येत नाही, हे आकडेमोडीचे सूत्र शिक्षकांनी मनावर घ्यावे.

खोट्या इशाऱ्याची किंमत काय? मालेगाव तालुक्यातील शेतमजूर बाईला तपासणीसाठी वाशिमला जायचे तर भाडे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असतील तर ती जाणारच नाही. एकदा विनाकारण चक्कर झाली की पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर तिचा विश्वास बसत नाही. उलट, यंत्राने 'विकार नाही' म्हटले की माणूस 'आपले डोळे ठीक आहेत' असे समजतो. वास्तविक जी प्रणाली केवळ मधुमेहाचा विकार ओळखायला शिकवलेली आहे तिला काचबिंदूविषयी काही विचारलेलेच नसते. निकालपत्रावर हे वाक्य ठळक अक्षरांत छापले पाहिजे.

प्रयोगशाळेतून दवाखान्यात आल्यावर आणखी एक अडचण उभी राहते. गूगलची प्रणाली थायलंडमधील दवाखान्यांत वापरली गेली तेव्हाची निरीक्षणे २०२० साली प्रसिद्ध झाली. सुमारे अठराशे फोटोंपैकी २१ टक्के फोटो स्पष्ट नाहीत म्हणून प्रणालीने नाकारले. अनेक ठिकाणी पुरेसा अंधार करता येईल अशी खोलीच नव्हती. यंत्र विकत घेण्यापूर्वी खिडक्यांना काळे पडदे आहेत का, हे विचारणारा अधिकारी म्हणूनच शहाणा म्हणावा.

चष्मा मिळाला, पुढे काय?

येथवर आपण यंत्राच्या अचूकतेची चर्चा केली. पण समजा, यंत्र निर्दोष आहे. प्रत्येक मुलाचा नंबर बिनचूक निघाला, चष्माही मोफत मिळाला. मग काम झाले का?

याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांत डॉ. परीक्षित गोगटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत आहे. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शाळेत चष्मे मिळालेल्या १०१८ मुलांना सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा फक्त ३०० मुलांनी, म्हणजे २९.५ टक्के मुलांनी चष्मा लावलेला होता. बाकीच्यांचे चष्मे घरी होते, हरवले होते किंवा फुटले होते. मुले चिडवतात हेही एक कारण होते. यातले एकही कारण कॅमेऱ्याच्या भिंगाने दूर होणारे नाही.

केनियात ५० शाळांतील वीस हजारांहून अधिक मुलांवर झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत शिक्षकांनी नेहमीच्या ई-कार्डाने तपासले, निम्म्या शाळांत 'पीक' नावाच्या फोनवरील पद्धतीने. कार्डाच्या गटात रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी २२ टक्के मुलेच तेथे पोचली. फोनच्या गटात ५४ टक्के पोचली. हा फरक मोठा आहे. पण फोनच्या पद्धतीत तपासणीखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या. 'तुमच्या मुलाला फळा असा दिसतो' असे पुसट चित्र पालकांना दाखवले गेले आणि आठवणीचे संदेश पालकांना व शिक्षकांना पाठवले गेले. प्रयोगात दोन संपूर्ण पद्धतींची तुलना असल्याने कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. तरीही मूल रुग्णालयात पोचणे ही तपासणीनंतरची पायरी आहे, आणि ती पुसट चित्राने व आठवणीने चढली गेली असे मानणे सयुक्तिक वाटते. असे चित्र तयार करायला आणि पालकसभेत दाखवायला आपल्या कोणत्याही शाळेला महागडे यंत्र लागत नाही.

शिक्षकांसाठी चार प्रश्न

साधनांचा निकाल लावायचा तर तो असा. कॅमेऱ्याची जागा अंगणवाडीत. रेघा जुळवण्याचे साधन मोठ्यांचा नंबर काढायला मदतनीस. संगणकीय निदान मधुमेही व्यक्तींच्या नियमित तपासणीत, पण मागे उपचाराची सोय उभी असेल तेथेच. आणि शाळेत पहिली चाळणी म्हणून ई-कार्ड अजून निवृत्त होण्याचे कारण नाही.

उद्या आपल्या शाळेत एखादे नवे यंत्र आले तर पुढील चार प्रश्न अवश्य विचारावेत. हे यंत्र नेमके काय मोजते, आणि काय मोजत नाही? त्याची टक्केवारी किती व कोणत्या लोकांवर काढलेली आहे? त्याने इशारा दिलेल्यांपैकी खरोखर दोष असलेले किती निघतात? आणि तपासणीनंतर सहा महिन्यांनी किती मुलांच्या नाकावर चष्मा आहे?

पहिल्या तिन्हींची उत्तरे यंत्र बनवणाऱ्यांनी द्यायची आहेत. चौथ्याचे उत्तर फक्त वर्गशिक्षक देऊ शकतो. त्यासाठी हजेरीपटाच्या शेवटी एक रकाना आखावा आणि चष्मा मिळालेल्या प्रत्येक मुलापुढे महिन्यातून एकदा 'लावतो', 'घरी', 'फुटला', 'हरवला' एवढीच नोंद करावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी या नोंदींचा आलेख काढावा. वर्षअखेरीस असा आलेख केंद्रप्रमुखांपुढे ठेवला, तर पुढच्या वर्षी पैसा नव्या यंत्रावर खर्च करायचा की फुटलेल्या चष्म्यांच्या बदलीवर, याचा निर्णय बातमीवरून न होता पुराव्यावरून होईल.